कस्तुराचं माप

बांगडीचं माप मनगटावरून घेत नाहीत, हे जन्मभर बांगड्या भरून घेणाऱ्या बायकांनाही ठाऊक नसतं. मनगट सगळ्यांचंच बारीक असतं. बांगडी अडते ती बोटांच्या गाठींवर आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर. कासारणीने अंगठा तळहातात दुमडायचा, तो उंचवटा दाबून आत घ्यायचा आणि बाईचा हात ढिला पडेल त्या क्षणी बांगडी वर सरकवायची. हात ताठ राहिला की काच तरी तडकते, नाहीतर कातडं तरी सोलतं. म्हणून माझ्या सासूबाईंनी मला पहिला धडा दिला तो बोटांचा नव्हे, तोंडाचा. तोंड चालू ठेव, त्या म्हणायच्या, बाई बोलण्यात गुंतली की हात आपोआप सैल सोडते. काय बोलायचं तेही त्यांनीच पढवलं होतं. सासुरवाशिणीला माहेरचं विचारायचं, म्हातारीला नातवंडांचं, आणि वयात येणाऱ्या पोरीला म्हणायचं, "हात भरला गं, आता बाईचं माप लागतं." पोरगी लाजते, हात सैल पडतो, बांगडी चढते.

आमचं दुकान शहाद्याला. दुकानात माझे यजमान बसत आणि फिरती माझ्याकडे. टोपलीत बांगड्यांच्या माळा, खाली पेंढा, वर झाकायला धडपा, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला एक हातभर आरसा. ब्राह्मणपुरी, कळसाडी आणि आसपासची सात-आठ गावं ही माझी वहिवाट. दुसरी मोठी लढाई लागण्याच्या आधीपासून मी ती चालले. काचेची खोकी आगगाडीने नंदुरबारला उतरत, तिथून बैलगाडीने शहाद्याला येत, आणि वाटेत किती फुटली हे खोकं उघडेपर्यंत कळत नसे. फुटली हा शब्दही आम्ही तोंडाने काढत नाही. बांगडी वाढवली म्हणतो.

हात धरून धरून हाताची भाषा कळायला लागते. कळसाडीची एक गर्भारशीण, पाचव्या महिन्यातच तिच्या हाताला बोट दाबलं की खळगा राहायचा. मी बांगडी न भरताच टोपली उचलली आणि तिच्या सासूला सांगितलं की आधी हिला दवाखान्यात न्या. सासू चिडली, महिनाभर माझ्याशी बोलली नाही, पण सून आणि लेकरू दोघं वाचली. शहाद्याच्या बाजारात डोंगरातून उतरलेली एक पावरी बाई यायची. तिचे हात कुऱ्हाडीने इतके कडक झालेले की तिच्या हातावर मी एका बैठकीत सहा बांगड्या वाढवल्या. प्रत्येक वेळी ती खदखदून हसायची आणि आपल्या भाषेत मैत्रिणीला काहीतरी सांगायची. ते माझ्याबद्दलच असणार. असं सगळं बघून मला वाटायला लागलं होतं की हातावरून मला बाईचं सगळं कळतं. हा माझा गर्व ब्राह्मणपुरीच्या एका पोरीने उतरवला. तिची हकिगत मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही.

उखाजी पाटलांची ती मोठी लेक, कस्तुरा. पाटील तालेवार, कापूस, ऊस, दारात दोन बैलजोड्या. बायको भागाबाई बोलकी, हौशी. आमच्या खानदेशात अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा पोरीबाळींचा सण. झाडाला झोके, गौराईची गाणी, आणि त्याआधी हात भरून नव्या बांगड्या. त्या दिवसांत मला पाणी प्यायला फुरसत नसे. अशाच एका अखाजीला मी पाटलांच्या ओसरीवर बसले होते. कस्तुरा तेव्हा चौदा वर्षांची. उंचनिंच, भरल्या अंगाची, गालाला खळी पडणारी. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पाहुण्या बायका चहा पीत होत्या. मी तिचा हात हातात घेतला, सवयीने बोलले, तिला सव्वादोनच्या माळेतल्या बांगड्या भरल्या आणि पुढच्या घरी गेले. एवढंच.

त्यानंतर वर्षभर माझी फिरती बंद पडली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांचं सगळं मलाच करायचं होतं. त्या गेल्या, दिवस पार पडले, आणि पुढच्या अखाजीच्या तोंडावर मी पुन्हा टोपली उचलली.

पाटलांच्या ओसरीवर बसले तर आतून एक पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. मला वाटलं पाटलांच्या घरी कुणी आजारी पाहुणी आलीय. डोळे खोल गेलेले, गालफडं वर आलेली, अंगावर उन्हाळ्यातही जाड कापड. तिने माझ्यासमोर हात पुढे केला आणि "मावशी, माले बांगड्या भर" म्हणाली, तेव्हा आवाजावरून मी कस्तुराला ओळखलं.

मी हात हातात घेतला. वैशाखाचं ऊन बाहेर भाजून काढत होतं आणि तो हात मात्र विहिरीतून काढलेल्या तांब्यासारखा गार होता. नखं निळसर. हातावर बारीक मऊ लव उगवलेली, तान्ह्या मुलाच्या पाठीवर असते तशी. आणि अंगठ्याच्या बुडाशी जो उंचवटा मी हजारो हातांवर दाबला होता, तो तिथे नव्हताच. कातडं आणि हाड. दाबायला काही उरलंच नव्हतं. क्षयाच्या बायकांचे हात मी पाहिले होते, दुष्काळातून आलेल्यांचे पाहिले होते. पण भरल्या घरातल्या, चालत्या-बोलत्या, डोळ्यांत ताप नसलेल्या पोरीचा असा हात मी पाहिला नव्हता.

मी काही न बोलता लहान मुलींची, दोनच्या मापाची माळ सोडली. तिने ती बाजूला सारली. स्वतः टोपलीत हात घालून तिने अडीचची माळ काढली. अडीच म्हणजे तीन-चार बाळंतपणं झालेल्या जाडजूड बाईचं माप.

"हाई भर," ती म्हणाली. "त्या तंग शेतस."

मला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. मी दोनची एक बांगडी तिच्या हातात सोडली. ती न दाबता, न वळवता आत गेली, मनगटावरून कोपरापर्यंत सरकली आणि हात खाली करताच निसटून ओसरीवर पडली. ती बांगडी पडताना आम्ही दोघींनीही बघितली. तरी कस्तुरा दुसऱ्या हाताने आपलं मनगट चाचपत होती आणि तिच्या तोंडावर भीती होती. ती मला म्हणाली की बांगडी हातात रुतली म्हणून दुखतंय.

 मी आणखी पाणी मागितलं, खरं तर तिला आत पाठवण्यासाठी. ती गेल्यावर भागाबाई माझ्याजवळ येऊन बसली आणि तिचा बांध फुटला.

वर्षभर पोरगी जेवत नव्हती. आधी म्हणाली गौराईचा उपवास, मग सोमवार, मग शनिवार, मग कोणताच वार उरला नाही. स्वयंपाक मात्र सगळ्यांचा तीच करायची, भावंडांना वाढून वाढून खायला घालायची, आणि आपण चुलीपाशी जेवले म्हणायची. तिच्या वाटणीच्या भाकरी गोठ्यात कडब्याखाली सापडल्या. दिवसाकाठी दहा वेळा विहिरीवर जायची, घागरी भरलेल्या असल्या तरी ओतून पुन्हा भरायची. गेले आठ महिने तिची पाळी बंद होती. वैद्याचे काढे झाले, जंताचं औषध झालं, डोंगरातला भगत येऊन गेला, त्याने बाहेरचं काहीतरी आहे म्हणून कोंबडं उतरवलं. भागाबाईने स्वतः चपला सोडल्या होत्या नवसापायी. हे सगळं सांगताना ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, की तिला भूकच लागत नाही.

कस्तुरा पाणी घेऊन आली. मी भागाबाईला आत जायला खुणावलं. टोपलीतला आरसा काढला आणि कस्तुरापुढे धरला. माझा हिशेब साधा होता. घरात बिचारीला तिचं तोंड कुणी दाखवलं नसेल, एकदा पाहील तर घाबरून तरी जेवेल.

ती आरशात बराच वेळ बघत राहिली. मग तिने गालफडाच्या हाडावरचं कातडं चिमटीत धरलं. चिमटीत काही येत नव्हतं, तरी ती ओढत होती.

"दख ना मावशी, हाऊ गाल कितला लटकस. पोट तं तुले दावाले माले लाज वाटस."

मी तिला म्हटलं, पोरी, तुझ्या अंगावर हाडं उरलीत. मी स्वतः बघतेय, माझ्या हातात तुझा हात आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं खोटी समजूत घालणाऱ्या मोठ्या माणसाकडे लबाडी ओळखलेलं मूल बघतं. आणि मग शांतपणे म्हणाली:

"तूच म्हनेल व्हती. हात भरी गया, आते बाईनं माप लागस. आते कसाले खोटं बोलस?"

मला आधी आठवलंच नाही. असं मी दिवसातून दहा पोरींना म्हणायचे. तिने सगळं सांगितलं तेव्हा आठवलं. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला चहा पिणाऱ्या त्या पाहुण्या बायका तिला बघायला आल्या होत्या. त्यांनी माझं बोलणं ऐकलं आणि आपसांत हसल्या. आठ दिवसांनी निरोप आला की पोरगी थोराड आहे, मुलाशेजारी त्याची मोठी बहीण दिसेल. भागाबाईने त्या रागात लेकीला बोल लावले. दूध बंद केलं, तूप बंद केलं, लग्न होईपर्यंत जरा हात आखडून खा म्हणाली. पोरीने आईचं ऐकलं. पुढे आईने हात जोडले तरी तिला थांबता येईना.

मी टोपली तिथेच ठेवून उठले आणि गोठ्यामागे जाऊन बसले.  मी कुणाला शिवी दिली नव्हती, कुणाची निंदा केली नव्हती. कौतुकाचे चार शब्द बोलले होते, तेही बांगडी चढावी म्हणून. आणि एक पोरगी ते शब्द वर्षभर उराशी धरून वाळत गेली होती. माझ्या बोलण्यानेच सगळं झालं असं मी आज म्हणत नाही. पुढे एका डॉक्टरांनीही मला तसं म्हणू दिलं नाही. पण त्या दिवशी गोठ्यामागे बसून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या गावात आणखी एकही घर न घेता मी पाटलांची वाट बघत थांबले. ते शेतावरून आले तेव्हा त्यांना आणि भागाबाईला समोर बसवून मी सगळं सांगितलं, माझ्या बोलण्यासकट. भागाबाई ऐकेना. इतकी वाळलेली पोर स्वतःला जाड कशी म्हणेल, हे वेडच म्हणायचं, आणि पोरीला वेड लागलं असं जगाला कळलं तर तिच्या धाकट्या बहिणींचं काय, असं तिचं म्हणणं.  पाटलांनी उठून ती पडलेली बांगडी उचलली, आपल्या राकट हातात फिरवून पाहिली. मग ते म्हणाले:

"मन्ही पोर जलमभर घरमा ऱ्हायनी तरी चाली. पन ती ऱ्हावाले पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपली. मीही गेले. नंदुरबारला पाटलांच्या बहिणीचं घर होतं आणि तिच्या शेजारी फौजेतून निवृत्त झालेले एक म्हातारे डॉक्टर राहत. दवाखाना चालवत नसत, पण शेजाऱ्यांना नाही म्हणत नसत. त्यांनी कस्तुराला तपासलं. नाडी मोजताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि त्यांनी पुन्हा मोजली. छातीत क्षय नव्हता. मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला तेव्हा वेडगळ वाटली. एका दोरीची दोन टोकं तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "बाळ, तुझी कंबर किती आहे ते या दोरीचा वेढा जमिनीवर करून दाखव." तिने वेढा केला. डॉक्टरांनी तिला त्या वेढ्यात उभं केलं आणि दोरी वर उचलली. त्या वेढ्यात कस्तुरा मावली, आत्याबाई मावल्या, आणि तरी दोरी ढिली राहिली.

 पाटील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कस्तुरा म्हणाली की दोरी ओढून धरली आहे, म्हणून तसं दिसतं.

डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "ही खोटं बोलत नाही. तिला खरंच तसं दिसतं. छावणीत असताना एका साहेबाच्या मुलीला असंच झालेलं मी पाहिलंय. त्याला मोठं नाव आहे, पण औषध नाही. तिच्याशी वाद घालू नका, हरणार तुम्हीच. आधी तिला जगवा."

ती साहेबाची मुलगी वाचली का, असं पाटलांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नाही. तिला आमच्याकडे फार उशिरा आणलं होतं."

कस्तुरा सहा महिने आत्याकडे राहिली. आधी पेज, मग दूध, मग मऊ भात, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. एकदम पोटभर घातलं तर हृदय बंद पडेल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रत्येक वेळी कुणीतरी जवळ बसायचं आणि ताटाकडे न बघता दुसरं काहीतरी बोलायचं. तोंड चालवणं हे माझं काम. मंगळवारी आणि शनिवारी मी नंदुरबारला जायची. माल आणायला जाते असं यजमानांना सांगायची. त्यांना खरं ठाऊक होतं. पहिले पंधरा दिवस कस्तुरा माझ्या तोंडावर थुंकायची बाकी राहिली होती. पेजेची वाटी तिने दोनदा भिंतीवर मारली. एकदा दुपारी ती मोरीपाशी कोसळली आणि तिचे ओठ काळे पडले, तेव्हा मला वाटलं संपलं. डॉक्टर धोतर सावरत धावत आले. त्यांनी तिचे पाय उशीवर चढवले आणि साखरेचं पाणी थेंब थेंब घातलं. ती डोळे उघडेपर्यंत आत्याबाईंनी माझा हात इतका आवळला होता की माझ्याच बांगड्या वाढल्या आणि रक्त आलं.

डोळे उघडल्यावर कस्तुराने पहिलं काय विचारलं असेल? पाण्यात साखर किती होती.

त्या प्रश्नाने मला जो धक्का बसला तो कोसळण्यानेही बसला नव्हता. मरणाच्या दारातून परत आलेली पोरगी, आणि तिला भीती मरणाची नव्हती, चमचाभर साखरेची होती.

पण त्या दिवसानंतर ती वाटी भिंतीवर मारेनाशी झाली. का, ते मला माहीत नाही. पाटील त्या काळात गावी एकट्याने धाकट्या पोरांना सांभाळून शेती बघत होते. जातीत कुजबूज झाली तेव्हा त्यांनी चार लोकांत सांगून टाकलं की कस्तुराचं लग्न या घराला करायचं नाही, कुणी विचारू नये. भागाबाई नंदुरबारला येऊन राहिली. ती लेकीसमोर स्वतः जेवायला बसायची आणि प्रत्येक घासाला रडायची. शेवटी डॉक्टरांनी तिला रडायचं असेल तर अंगणात जा म्हणून सांगितलं. भाद्रपद संपताना कस्तुरा वरण-भात खायला लागली. दिवाळीनंतर घरी गेली. पुढच्या उन्हाळ्यात भागाबाईने मला हळूच सांगितलं की पोरीची पाळी आली.

माझ्या धंद्यातलं एक बोलणं मात्र मी कायमचं सोडलं. कुणाच्या अंगाबद्दल, भरलं की उतरलं, चांगलं की वाईट, एक शब्द काढायचा नाही. सुरुवातीला जड गेलं. काय बोलावं सुचेना, हात ताठ राहायचे, बांगड्या जास्त वाढायच्या. मग मी बायकांना त्यांच्या बैलांची, कोंबड्यांची, शेजारणींच्या भांडणांची विचारपूस करायला लागले. हातांना ते तितकंच चाललं.

पाटलांनी तसं सांगून टाकलं होतं, तरी पाच-सहा वर्षांनी स्थळ आपणहून चालून आलं आणि कस्तुराचं लग्न झालं, नंदुरबारच्याच एका बिजवराशी. माणूस शांत, कापसाच्या जिनात कारकून. त्या लग्नाला मी आजारपणामुळे जाऊ शकले नाही. आणखी तीन वर्षांनी माल आणायला नंदुरबारला गेले तेव्हा तिचं घर विचारत विचारत गेले.

दार तिनेच उघडलं. अंगाने भरलेली, केसांत गजरा, कडेवर दीड वर्षाचा मुलगा. मला बघून इतकी हरखली की पोराला माझ्याच हातात देऊन चहा टाकायला पळाली. आम्ही तासभर बोललो. सासूचं, नवऱ्याचं, पोराच्या दातांचं. म्हातारे डॉक्टर आदल्या वर्षी वारले होते, त्यांच्या आठवणीने दोघी रडलो. तिच्याकडे बघून माझं मन इतकं निवलं होतं की मी धीर करून विचारलं. कस्तुरा, आता तुला तुझं तुला नीट दिसतं ना?

ती हसली. पोराच्या अंगावरचं कापड सारखं करत म्हणाली:

"नही मावशी. माले आजबी तशीच दिसस. तितलीच जाड."

 मी तर मनात हा विषय मिटवून टाकला होता. लोकांना बरी झालेली पोर म्हणून तिची गोष्ट सांगायची तयारीही केली होती. आणि ती मला सांगत होती की दहा वर्षं रोज सकाळी ती डोळे मिटून लुगडं नेसते. बाळंतपणात पोट वाढलं तेव्हा तिला वेड लागायची पाळी आली होती, नवऱ्याने तिला रोज हात धरून ताटावर बसवलं. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, पायात जुना काटा राहून गेलेलं माणूस सांगतं तसं सांगत होती.

मी विचारलं, मग जेवतेस कशी?

इतक्यात जिनाचा दुपारचा भोंगा वाजला. कस्तुराने बोलणं अर्धवट टाकलं, पोराला जमिनीवर सोडलं आणि उठली.

"डोयाले काय दिसस ते दिसू दे," ती म्हणाली. "भोंगा वाजना का मी खाई लेस."

तिने ताट घेतलं. दोन भाकरी, वांग्याची भाजी, वर तेलाची धार. माझ्यासाठीही वाढलं. मग माझ्यासमोर मांडी घालून बसली, भाकरीचा तुकडा मोडला, आणि पहिला घास घेताना तिचे डोळे क्षणभर घट्ट मिटलेले मी पाहिले. घास गिळून होईपर्यंत ती तशीच बसली होती. मग डोळे उघडून तिने दुसरा तुकडा मोडला.

मी माझ्या ताटाकडे बघितलं नाही, तिच्याही नाही. तिच्या पोराच्या दातांबद्दल बोलायला लागले, आणि तिची दुसरी भाकरी संपेपर्यंत बोलतच राहिले.